बायपासनंतरची मासेमारी आणि ‘खऱ्यासारखं’ आमिष

हृदयाच्या बायपासनंतर “मासे पकडायला कधी जाऊ?” असं मला आजवर एकाच रुग्णानं विचारलं आहे आणि तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे. जिना कधी चढू, स्कूटर कधी चालवू, लग्नाला गेलो तर जेवू काय, हे प्रश्न दवाखान्यात रोजचेच. त्यांची उत्तरं तोंडपाठ असतात. मासेमारीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र “कसले मासे, कुठे आणि कोणत्या आमिषानं?” हे कळल्याशिवाय देता येईना. ते समजून घेताना जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो. यात औषधांची माहिती थोडी आणि माशांची जास्त आहे, तेवढं चालवून घ्या.

दादा गेली तीस-एक वर्षं अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डला राहतो. वय ६६. आम्ही मूळचे चिपळूणचे. लहानपणी वाशिष्ठीच्या काठी बांबूची काठी आणि गांडुळं घेऊन गरवायला बसणं हा आमचा सुट्टीतला उद्योग. पुढे मी पुण्यात डॉक्टर झालो आणि गरी सुटली. दादानं ती तिकडे गेल्यावर पुन्हा हातात घेतली, ती आजतागायत. तिथे त्याला भेटला तो ‘बास’ नावाचा मासा. आपल्याकडचा मरळ जसा पाणवनस्पतीत दबा धरून बसतो आणि जवळून काही गेलं की झडप घालतो, साधारण तसाच स्वभाव. गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, भांडखोर. अमेरिकेत लाखो लोक या एका माशाच्या मागे वेडे आहेत आणि बहुतेक जण तो पकडून पुन्हा पाण्यात सोडून देतात. चिपळूणच्या माणसाला हे पचायला जड जातं, पण दादाला पचलं.

जानेवारीत त्याची बायपास झाली. तीन ग्राफ्ट. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरली, अहवाल चांगले आले. मार्चअखेर मी महिनाभरासाठी गेलो तेव्हा वहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, हे बोलतच नाहीत हो. खिडकीपाशी बसतात आणि बाहेर बघतात. मासेमारीची पेटी चार महिन्यांत उघडलेली नाही.”

हे वाक्य तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बायपास झाली आहे त्यांनी नीट ऐकावं. बायपासनंतर उदासी येणं खूप रुग्णांत दिसतं. झोप बिघडते, भूक मंदावते, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, उगाच रडू येतं. घरच्यांना वाटतं, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, थकवा असणारच.’ काही आठवडे तसं म्हणणं ठीक आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच असं वाटत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कारण उदास रुग्ण गोळ्या चुकवतो, चालणं बंद करतो, आणि त्याचा भार पुन्हा हृदयावर येतो. दादाच्या डॉक्टरांना आम्ही सांगितलं, त्यांनी समुपदेशन सुरू केलं. आणि त्याच आठवड्यात दादानं मला तो प्रश्न विचारला. मला तो प्रश्न म्हणजे औषध लागू पडल्याची पहिली खूण वाटली.

आता छातीबद्दल. बायपाससाठी छातीचं मधलं हाड, म्हणजे उरोस्थी, उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधतात. हे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण ताकद यायला साधारण तीन महिने. त्या काळात जड उचलणं, जोरानं ढकलणं-ओढणं, आणि विशेषतः एकाच हाताला हिसका देणं टाळायचं असतं, कारण एका बाजूनं ताण आला की हाडाचे दोन अर्धे एकमेकांवर सरकू पाहतात. गळ फेकणं म्हणजे नेमका एका हाताचा हिसका! दादाचे तीन महिने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होत होते. त्याच्या सर्जननं आणि पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टनं छाती तपासून परवानगी दिली, पण अटी घालून: कोपर बरगड्यांजवळ ठेवायचं, हलकी काठी, बोटीत नाही तर धक्क्यावर बसून, आणि सुरुवातीला दोन तासांच्या वर नाही.

“मग आमिषंही हलकीच लागतील,” दादा म्हणाला. “चल, बघून येऊ.” चार महिन्यांत स्वतःहून घराबाहेर पडण्याची ही त्याची पहिली वेळ.

स्प्रिंगफिल्ड हे या बाबतीत पंढरपूरच म्हणायला हवं. बास प्रो शॉप्स नावाची प्रचंड दुकानसाखळी इथलीच. १९७२ च्या सुमारास जॉनी मॉरिस या तरुणानं वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात गळ आणि आमिषं विकायला ठेवली, तिथून हे सगळं वाढलं. आज तिथे आमिषांच्या भिंतीच्या भिंती आहेत. पारदर्शक पाकिटांत रबराचे, प्लॅस्टिकचे, लाकडाचे मासे आणि क्रॉफिश. क्रॉफिश तुम्ही पाहिला नसेल. कोळंबीचं शेपूट आणि खेकड्याच्या नांग्या एकाच अंगाला लावल्या तर जे होईल ते. बोटाएवढा, गोड्या पाण्यात दगडांखाली राहणारा. एकट्या मिसुरीत त्याच्या तीसहून अधिक जाती आहेत आणि बासचं हे आवडतं खाणं.

मी एक पाकीट उचललं. आतल्या क्रॉफिशच्या मिशा, पाय, पाठीवरचे ठिपके, डोळ्यांतली चमक, सगळं इतकं हुबेहूब की हात लावायला भीती वाटावी. “दादा, हा घे. अगदी जिवंत वाटतोय.”

“कुणाला?” दादानं विचारलं.

या एका शब्दात सगळं आलं. दुकानात आमिषाला भुलायचं असतं माणसानं, आणि पाण्यात माशानं. या दोघांचे डोळे वेगळे, अंतर वेगळं, उजेड वेगळा. सुंदर रंगाच्या टॉनिकच्या बाटल्या कुणासाठी रंगवलेल्या असतात हे मी रोज पाहतो, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही. प्रश्न असा विचारायला हवा: बासला ‘खरं’ म्हणजे काय वाटतं?

त्याच्या डोळ्यांपासून सुरू करू. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. बासला दोनच, एक हिरव्याकडे झुकलेली आणि एक लालकडे. काही वर्षांपूर्वी इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासला खाऊचं आमिष दाखवून रंग ओळखायला शिकवलं. लाल आणि हिरवा तो उत्तम ओळखतो असं दिसलं. पण झगमगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते, तसंच निळा आणि काळा यांतही. म्हणजे माशाच्या पाठीवर निळ्या रंगाच्या सात छटा दाखवणारं महाग आमिष घ्यायचं तर खुशाल घ्या, पण त्या छटा तुमच्यासाठी आहेत. त्यात पाणी स्वतःच रंग खातं. स्वच्छ पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. दुकानात लालभडक दिसणारा क्रॉफिश काही मीटर खोल गेला की काळपट तपकिरी सावली होऊन जातो.

दुसरं ज्ञानेंद्रिय आपल्याकडे नाहीच. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पुढच्या वेळी बाजारात मासा घ्याल तेव्हा निरखून बघा, बऱ्याच माशांत स्पष्ट दिसते. या रेघेत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात. आपल्या आतल्या कानात ज्या पेशी ऐकायला आणि तोल सांभाळायला मदत करतात, त्यांच्याच भावंडं म्हणा. जवळ कोणी शेपटी हलवली तर त्याचा धक्का माशाला अंगावर जाणवतो. गढूळ पाण्यात, रात्रीही. त्यामुळे आमिष कसं दिसतं याइतकंच ते पाणी कसं ढवळतं हेही महत्त्वाचं.

हे फार पूर्वी एका गरीब कोळ्याच्या लक्षात आलं होतं. फिनलंडमधला लाउरी रापाला सरोवरात जाळी आणि गळ टाकून पोट भरायचा. त्यानं पाहिलं की मोठे मासे छोट्या माशांच्या थव्यातला नेमका तो एक मासा उचलतात जो किंचित लंगडत, डगमगत पोहतो. १९३६ मध्ये त्यानं बुचाचं लाकूड कोरून तशी डगमग देणारं आमिष बनवलं. चमक यावी म्हणून वर चॉकलेटचा चंदेरी कागद, आणि लाखेऐवजी वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्ह. दिसायला ते आजच्या हुबेहूब आमिषांपुढे ओबडधोबडच होतं. पण त्याला माशाचं आजारपण अचूक जमलं होतं. डॉक्टर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. त्या माणसानं आधी निदान केलं आणि मग बाकीचं सगळं.

तर क्रॉफिशचं आमिष निवडताना काय पाहायचं? दादानं पाकिटातला क्रॉफिश माझ्यापुढे धरला. “याचे डोळे कुठे आहेत बघ.” डोळे आणि नांग्या मागच्या टोकाला, आकड्याच्या बाजूला होत्या. दोरी बांधायची कडी शेपटीकडे. उलटं का? कारण घाबरलेला क्रॉफिश शेपटी पोटाखाली फटकन मारतो आणि मागे मागे सुटतो. पळताना त्याच्या नांग्या मिटून, सरळ रेषेत मागे ओढल्या जातात. त्यामुळे नांग्या फाकलेला, रुबाबदार पोझ घेतलेला क्रॉफिश पाकिटात देखणा दिसतो, पण पाण्यातून ओढताना तो कोणत्याच जिवंत क्रॉफिशसारखा वागत नाही. नांग्या फाकवतो तो थांबल्यावर, पळायला जागा नसली की. तेव्हा तो त्या वर उचलून धरतो. म्हणून चांगलं आमिष तळाशी टेकलं की नांग्या वर तरंगल्या पाहिजेत, आणि ओढलं की मिटल्या पाहिजेत. पाकिटावरून हे कळत नाही. रबर मऊ आहे का आणि पाण्यात हलकं आहे का, हे पाहावं लागतं.

आकाराचंही तसंच. मोठा क्रॉफिश म्हणजे मोठा घास, मासा खूश होईल, असं आपल्याला वाटतं. पण मोठ्या नांग्या चावतात! बास शक्यतो लहान क्रॉफिश निवडतो, कारण कमी त्रासात गिळता येतो. सात-आठ सेंटिमीटरचं आमिष पुष्कळ झालं. रंगाबद्दल दादाचा नियम सोपा: ज्या तलावात जाणार तिथला दगड उलटायचा आणि खालचा क्रॉफिश बघायचा. ओझार्क डोंगरांतल्या पाण्यात तो बहुतेक हिरवट तपकिरी निघतो, नांग्यांच्या टोकांना नारिंगी झाक. तिथले मासेमार ज्याला ‘ग्रीन पंपकिन’ म्हणतात तो काळ्या ठिपक्यांचा शेवाळी रंग त्याला सगळ्यात जवळचा. कात टाकल्यावर क्रॉफिश काही काळ मऊ आणि फिकट असतो, तेव्हा तो माशाला विशेष रुचतो. म्हणून एखादी फिकट छटाही पेटीत असावी.

आणि हंगाम. थंडीत क्रॉफिश दगडांखाली निपचित असतो. पाणी साधारण १० अंशांच्या वर गेलं की बाहेर पडू लागतो, आणि त्याच सुमारास बास अंडी घालण्याआधी उथळ, खडकाळ काठाकडे सरकतो. एप्रिल म्हणजे या दोघांच्या गाठीभेटीचा महिना. आमच्यासाठी क्रॉफिशचा निर्णय कॅलेंडरनंच करून टाकला होता.

छोट्या माशांच्या आमिषाचं गणित थोडं निराळं. तिथल्या तलावांत ‘शॅड’ नावाचे चंदेरी मासे थव्यांनी असतात, आपल्या तारलीची आठवण यावी असे. पाठ गडद, पोट पांढरं, कल्ल्यामागे एक काळा ठिपका. स्वच्छ पाण्यात बासला नीट निरखायला वेळ मिळतो. तिथे अर्धपारदर्शक, फार न चमकणारं, नेमक्या मापाचं आमिष उपयोगी पडतं. गढूळ पाण्यात बारकावे वाया जातात, तिथे ठळक रंग आणि पाणी हलवणारी शेपटी हवी. माप ऋतूनुसार बदलतं. वसंतात थव्यात गेल्या वर्षीचे वाढलेले मासे असतात, उन्हाळ्यात यंदाची बोटाच्या पेरांएवढी पिल्लं. हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. शॅडची एक जात थंडीला फार नाजूक, पाणी ५ ते ७ अंशांवर आलं की मरायला लागते. मरणारा शॅड दोनदा थरथरतो, मग पाण्यात अधांतरी स्थिर राहतो. ‘जर्कबेट’ नावाचं लांबट आमिष नेमकं हेच करतं: दोन हिसके, मग दहा-दहा सेकंद स्तब्ध. रापालाचं निरीक्षण वेगळ्या रूपात.

पण जर्कबेट आम्ही घेतलं नाही, आणि इथे छातीचा प्रश्न परत येतो. हिसका हाच ज्या आमिषाचा प्राण आहे ते तीन महिन्यांच्या उरोस्थीला चालणार नाही. तसंच ‘क्रँकबेट’. याच्या तोंडापुढे प्लॅस्टिकची जीभ असते, ओढलं की ती पाणी कापत खाली बुडी मारते. जीभ जितकी लांब तितकी खोल बुडी, आणि तितकाच मनगट-खांद्यावर ओढा. लांब जिभेचं क्रँकबेट तासभर ओढलं तर धडधाकट माणसाचाही खांदा दुखतो. दादाचं लाडकं, ओझार्कमध्ये फार मानलं जाणारं ‘विगल वॉर्ट’ आम्ही पेटीतच ठेवलं. त्याचं तोंड पडलं, पण वाद घातला नाही.

शेवटी तीन गोष्टी घेतल्या. सात ग्रॅमची क्रॉफिशच्या आकाराची जिग. सात सेंटिमीटरचा, शेपटी हलवणारा मऊ मासा, जो नुसता हळू गुंडाळत आणायचा. आणि तिसरी ‘नेड रिग’, कॅन्सासच्या नेड केडी यांच्या नावानं ओळखली जाणारी. ही बघून मला हसू आलं. छत्रीच्या आकाराचं दोन-तीन ग्रॅमचं वजन आणि त्यावर रबराचा एक बोटभर तुकडा. ना पाय, ना मिशा, ना डोळे. सिगारेटचं थोटूक म्हणा. पण तो रबर पाण्यात तरंगणारा, त्यामुळे तळाशी टेकल्यावर तुकडा उभा राहतो आणि संथ डुलतो, नांग्या उचललेल्या छोट्या क्रॉफिशसारखा. हुबेहूब क्रॉफिश त्या भिंतीवर याच्या कितीतरी पट किमतीत टांगलेले होते.

आता आकड्याबद्दल थोडं सावधगिरीचं. आपण ज्यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतो त्या रक्त पातळ करत नाहीत, गुठळी होण्याची क्रिया मंद करतात. दादाच्या अशा दोन गोळ्या चालू होत्या. क्रँकबेट, जर्कबेट यांना प्रत्येकी दोन-तीन तिहेरी आकडे असतात. तडफडणारा मासा हातात आणि मोकळा आकडा बोटात, हा तिथल्या इमर्जन्सी विभागातला नेहमीचा रुग्ण. आमच्या तिन्ही आमिषांना एकच आकडा होता, आणि त्याचा उलटा काटा मी पकडीनं दाबून सपाट केला. मासा सुटण्याची शक्यता किंचित वाढते, बोट वाचतं.

तरीही आकडा रुतलाच तर? दोरी कापा. उलटा काटा आत गेला असेल तर आला त्या वाटेनं ओढू नका, मांस फाटतं. उरलेले मोकळे आकडे असतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा आणि डॉक्टरकडे जा. जागा बधिर करून आकडा पुढे ढकलून काटा कापून काढणं हे आमचं पाच मिनिटांचं काम आहे. डोळ्याजवळ असेल तर हात लावू नका, वर कागदी पेला उपडा धरून थेट रुग्णालय गाठा. धनुर्वाताची लस पाच वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्यावी लागते. आणि गोड्या पाण्यातली जखम एक-दोन दिवसांत लाल, गरम, ठसठसणारी झाली तर थांबू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. कोकणातल्या वाचकांनाही हे सगळं लागू आहे.

तसंच शिसं. जिगचं वजन बहुतेक वेळा शिशाचं असतं, आणि आपल्याकडच्या पागाच्या जाळ्याला लावलेल्या गोळ्याही. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ नका. बारीक गोळी दातांनी दाबून दोरीला बसवायची सवय अनेकांना असते, ती सोडा. घरी शिसं वितळवून गोळ्या ओतत असाल तर मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा, लहान मेंदूला शिशाची थोडी मात्राही घातक आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि मेन राज्यांनी छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली ती लून नावाच्या पाणपक्ष्यासाठी, ते गिळून पक्षी मरत होते. टंगस्टनची वजनं महाग पडतात, पण त्याच वजनाला आकारानं लहान असतात. आम्ही जिगसाठी तीच घेतली.

टेबल रॉक तलाव स्प्रिंगफिल्डहून तासाभरावर. व्हाइट नदीवर १९५८ मध्ये पूर्ण झालेलं धरण, खडकाळ काठ, निवळशंख पाणी. दादाच्या मित्राच्या धक्क्यावर दोन खुर्च्या टाकल्या. दादाला लाइफ जॅकेट घालायला लावलं. १३-१४ अंशांच्या पाण्यात अचानक पडलं तर श्वास अडकतो आणि रक्तदाब एकदम चढतो, नव्या ग्राफ्टना ते नको. वहिनींनी मोठी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा दिला होता, त्यालाही कारण होतं. ऑपरेशननंतर हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून दादाला काही आठवडे अमिओडॅरोन दिलं होतं. हे औषध बंद केल्यानंतरही कित्येक महिने उन्हानं कातडी भाजू शकते.

दादा कोपर बरगडीला चिकटवून, फक्त मनगटानं, खालून वर आमिष सोडत होता. नाडीवर मी फार भर दिला नाही, कारण बीटा ब्लॉकर चालू असताना ती फारशी वाढत नाही. त्याऐवजी गप्पा मारत राहिलो. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागत नाही तोवर श्रम बेतात आहेत, ही साधी चाचणी तुम्हीही चालताना वापरा. आणि दादा बोलत होता. शॅडबद्दल, तळाच्या दगडांबद्दल, आईनं वाशिष्ठीवरून ओढत घरी नेल्याबद्दल. दोन तासांत दोन बास आले, दोन्ही त्या थोटकावर. माझा शेपटीवाला मासा कुणी हुंगलाही नाही.

दोन्ही सोडून दिले. मला विचाराल तर यात एक आरोग्याचा मुद्दाही आहे. बास शिकारी मासा. पाण्यातला पारा आधी सूक्ष्म जिवांत, मग शॅड आणि क्रॉफिशमध्ये आणि मग त्यांना खाणाऱ्या बासमध्ये साठत जातो. मासा जितका मोठा आणि वयस्क तितका पारा जास्त. म्हणून तिथली राज्यं कोणता मासा किती वेळा खावा याचे सल्ले प्रसिद्ध करतात, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी जास्त कडक. आपल्या बाजारातही हाच हिशेब: मुशी किंवा भली मोठी सुरमई यांपेक्षा तारली, मांदेली यांत पारा कमी, आणि हृदयाला हवी ती चरबी तारलीत भरपूर.

मी परत आल्यावर दादाचा आठवड्याला फोन असतो. गोळ्या चालू आहेत, समुपदेशकाकडे अजून जातो, धक्क्यावर एकटाही जाऊन येतो, जॅकेट घालून. परवा विचारत होता, जूनमध्ये बास खोल पाण्यात जातो, मग आता लांब जिभेचं क्रँकबेट चालेल का? मी म्हटलं, आधी फिजिओथेरपिस्टला खांदा दाखव, आणि ते आमिषही सोबत घेऊन जा, किती ओढतं ते तिला हातात धरून बघू दे.